प्रेस शॉपवर रुजू होणाऱ्या लेकीस

भांडुप, मुंबई

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू अंधेरीच्या एमआयडीसीत प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा कापायच्या यंत्रांच्या विभागाची, सुपरवायझर. आईचे पेढे वाटून झाले. मला मात्र तुला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ करून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय.

अपघाताच्या रजिस्टरमध्ये ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहायची घाई करू नकोस. आधी प्रेसचा क्लच, म्हणजे फिरतं चाक रॅमला (वरून खाली येणाऱ्या भागाला) जोडणारा-सोडवणारा भाग, खोलायला लाव.

साकीनाक्याच्या गाळ्यात माझ्या शेजारच्या प्रेसवर एक पोरगा होता. पेडल दाबलं, पीस कापला, पाय काढला, पीस उचलायला हात डायमध्ये, म्हणजे साच्यात घातला आणि प्रेसनं डबल मारला, पेडल न दाबता दुसऱ्यांदा खाली आला. दोन बोटं गेली. त्याचा पाय जमिनीवर होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. फिटरनं क्लच खोलला तर आतल्या कीची, म्हणजे चाकाला अडकणाऱ्या खिळीची, स्प्रिंग तुटलेली. कागदावर दोष लागला तो त्या पोराचाच. अजून राग येतो मला.

असल्या की-पिनच्या क्लचचा, म्हणजे पिन क्लचचा प्रेस एकदा सुटला की फेरा पुरा केल्याशिवाय थांबत नाही. त्याला लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की यंत्र थांबवणारा किरणांचा पडदा, लावून उपयोग नाही. किरण तुटला तरी रॅम खाली यायचा तो येतोच. तिथे डायभोवती फिक्स गार्डच हवा, पट्टी आत सरकेल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवलेला. दोन हातांची बटणं असतील तर त्यातलं एक टेप लावून दाबून ठेवलेलं नाही ना, हे रोज स्वतः बघ. पीस रेटवर काम असलं की ऑपरेटर स्वतःच गार्ड काढतो. त्याच्यावर ओरडण्याआधी त्याला टार्गेट किती दिलंय ते विचार. चालू यंत्राला आडोसा हवा हे तर 1948 च्या कारखाने कायद्यातही लिहिलेलं होतं. मालक कुरकुरला तर तेच सांग.

कॉन्ट्रॅक्टरच्या पोरांचे ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, नंबर निघालेत का, तेही पहिल्याच आठवड्यात तपास. हात गेल्यावर नंबर काढायची धावपळ मी पुष्कळ पाहिलीय.

आणि देव न करो, कुणाचं बोट तुटलंच, तर ते थेट बर्फात टाकू देऊ नकोस. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळायचं, पिशवीत घट्ट बंद करायचं, ती पिशवी बर्फावर ठेवायची आणि जखमी माणसाबरोबरच पाठवायची.

रविवारी घरी येशील तेव्हा तिथल्या प्रेसना कुठले क्लच आहेत ते लिहून आण. पिन क्लच असतील तर गार्ड कसा बसवायचा ते कागदावर काढून देतो.

तुझे
बाबा