पॉलिसीधारकांचे पैसे आणि लोकसभेतला प्रश्न

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, 543 जणांत आपला एक खासदार काय करणार? पक्ष सांगेल ते बटण दाबणार." मी तेव्हा गप्प बसलो, कारण यातलं अर्धं खरं आहे. 1985 मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला, तेव्हापासून व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. पण मतदानापलीकडे खासदाराच्या हातात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे प्रश्न. काय विचारायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं असतं.

ज्या विम्याच्या कामावर आपलं घर चाललं, त्याचीच एक हकिकत सांगतो. आयुर्विमा महामंडळ 1956 मध्ये स्थापन झालं. वर्षभरातच महामंडळानं हरिदास मुंध्रा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रकमेचे शेअर घेतले. त्या काळचे सव्वा कोटी! आणि पैसे कुणाचे, तर हप्ता भरणाऱ्या साध्या माणसांचे. लोकसभेत विचारणा झाली तेव्हा सरकारनं आधी मोघम उत्तर दिलं. फिरोज गांधी यांनी पिच्छा सोडला नाही. डिसेंबर 1957 मध्ये त्यांनी कागदपत्रांनिशी सगळा व्यवहार सभागृहासमोर मांडला. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते, शिवाय पंतप्रधान नेहरूंचे जावई. तरी बोलले. मग मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला, मुंबईत उघड सुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. नव्या एजंटांना मी ही हकिकत नेहमी सांगत आलो. आपण कुणाचे पैसे हाताळतो, ते त्यांना कळावं म्हणून.

हे आजही होऊ शकतं, वाट तीच आहे. प्रश्नोत्तराचा तास अकरा वाजता सुरू होतो. दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात, मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचे. क्रम सोडतीनं ठरतो. मूळ उत्तर खात्यानं लिहून दिलेलं असतं, त्यामुळे मंत्र्याची खरी परीक्षा त्यावर लगेच विचारल्या जाणाऱ्या पुरवणी प्रश्नांत होते. तिथं कागद पुरत नाही, विषय माहीत असावा लागतो. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. ती उत्तरं बातम्यांत क्वचितच येतात, पण खात्याला आकडे द्यावेच लागतात आणि ते कायमचे नोंदले जातात.

म्हणूनच गोंधळात हा तास बुडाला की मला फार लागतं. खर्चाचंही तसंच. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे त्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, मत देण्याचा अधिकार फक्त लोकसभेला आहे, राज्यसभेला नाही. वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. मार्च 2023 मध्ये गदारोळात जवळपास 45 लाख कोटींचा खर्च चर्चेविना मंजूर झाला. हप्त्याच्या एकेका पावतीचा हिशेब दिलेल्या माणसाला हे पाहवत नाही.

आता तुझ्याकडे एक काम. इतक्या वर्षांत मी कितीतरी घरं पाहिली, जिथं माणूस गेल्यावर बायकोला पॉलिसीचा पत्ताच नव्हता. पैसे तसेच पडून. अशा दावा न केलेल्या रकमा किती आहेत आणि वारसांना शोधायला सरकार काय करतं, हे आपल्या खासदारांनी विचारावं, असं पत्र मी त्यांना लिहितोय. प्रश्नाची नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाआधीच ते त्यांच्या हाती पडायला हवं. सोबत प्रश्नाचा मसुदा पाठवलाय. नियमानं प्रश्न 150 शब्दांच्या आत हवा, त्यात युक्तिवाद नको, टोमणा नको, आरोप नको. माझा तीनशेच्या वर गेलाय आणि मधल्या दोन ओळींत राग उतरलाय. तेवढ्या काढ, बाकीचा दीडशेच्या आत आण आणि रविवारपर्यंत परत पाठव.

तुझे,
बाबा