गोळी बंद करू नकोस, आई

ती. आई-बाबांस सा. न.

काल आई फोनवर म्हणाली, "अंग बरं वाटते, गोळी सोडली." ल्युपसची, म्हणजे शरीराची राखणच स्वतःवर उलटते त्या आजाराची, गोळी अशी सोडली म्हणून मी रागावले. तसं बोलायला नको होतं. बाबा, हे पत्र तिला वाचून दाखवा.

बाबा, हरभऱ्याच्या जागलीत धुऱ्यावर खसपस झाली की तुम्ही आधी टॉर्च मारता. रोही आहे की आपलाच बैल सुटला, ते पाहता आणि मगच हाकारा देता. आपल्या पेशीतही असा एक जागल्या असतो, सीगॅस नावाचा. झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेला तो सापडला, 2013 च्या सुमारास. डीएनए भलत्या जागी दिसला की विषाणू शिरला असं समजून तो ओरडतो. त्याची हाक स्टिंग नावाचं प्रथिन ऐकतं, मग इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन तयार होतं आणि आजूबाजूच्या पेशी जाग्या होतात.

पण त्याच्याकडे टॉर्च नाही. डीएनए विषाणूचा की आपला, हे त्याला कळतच नाही! म्हणून शरीरच बंदोबस्त ठेवतं. आपला डीएनए केंद्रकात गुंडाळलेला असतो, आणि तिथे जो सीगॅस असतो त्याला त्या गुंडाळ्यांशीच जखडून टाकलेलं असतं. बाहेर सांडलेले तुकडे ट्रेक्स-वन नावाचं एन्झाइम खाऊन टाकतं. आणि हाक देऊन झाली की पेशी स्टिंगलाच मोडून टाकते, नाहीतर ओरडा थांबणारच नाही. ट्रेक्स-वन जन्मतःच बिघडलेलं असलं तर तान्ह्या मुलांच्या मेंदूला इजा होते. ल्युपसच्या काही रोग्यांतही तो बिघाड सापडला आहे.

आई, तुझ्यात नेमकं काय बिनसलं ते कुणी तपासलेलं नाही. पण ल्युपसच्या बऱ्याच जणांच्या रक्तात हे इंटरफेरॉन चढलेलं असतं. म्हणून वांगं खाल्ल्यानं झालं, कुणाची नजर लागली, असं मनात आणू नकोस. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही, गं. ऊन मात्र खरंच बाधतं. उन्हानं कातडीच्या पेशी मरतात, त्यांचा डीएनए सांडतो, म्हणून कापूस वेचून आलीस की गाल लाल होतात. पऱ्हाटीत सकाळीच जा, तोंडावर पदर घे, लांब बाह्यांचा शर्ट घाल.

ती गोळी मूळची मलेरियाची. आतला हा ओरडा ती कमी करते, पण हळूहळू, दोन-तीन महिन्यांनी गुण दिसतो. बरं वाटतं ते तिच्यामुळेच, आई. उद्याच डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू कर. या गोळीसाठी डोळे तपासत राहावे लागतात, त्यासाठी संक्रांतीला मी येते, आपण सोबत जाऊ.

बाबा, डब्यात किती गोळ्या उरल्या ते मोजून कळवा.

तुमची,
सोनू