सूचना : रविवारी सिरॅमिक कोटिंग

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता आपल्या नेहमीच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांना सिरॅमिक कोटिंग (रंग जपणारा कडक, पारदर्शक थर) करायचं आहे. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.

त्याआधी घरी एक करून पाहा. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन दाराच्या खालच्या कोपऱ्यात हलकेच घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर क्लिअर कोट (रंगावरचा कंपनीचा पारदर्शक थर) नाही. अशा गाडीवर पॉलिशचं मशीन चालवू देणार नाही, रंग पातळ असतो. हट्ट नको.

- गाडी धुऊन, कोरडी करून आणा. मेण लावू नका, कोटिंग धरत नाही.
- नवा रंग मारून महिना झाला नसेल, तर थांबा.
- कोटिंगनंतर २४ तास पाणी लागू देऊ नका.

गंजावर मात्र हे औषध नाही (दरवेळी कोणीतरी विचारतंच).