बाई, तुम्ही तिला माफी मागायला लावली नाहीत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मुलगी आता तुमच्या वर्गात नाही, म्हणून हे पत्र मोकळेपणाने लिहिता येतंय. ती तुमच्याकडे शिकत असताना लिहिलं असतं, तर त्यामागे काही हेतू आहे असं कुणालाही वाटलं असतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण माझ्यासारखे पालक पुष्कळ आहेत. आपलं मूल कुणाला दुखवेल, हे ज्यांच्या कधी मनातसुद्धा येत नाही असे.

तुम्ही मला बोलावून घेतलंत तो दिवस आठवला की अजून पोटात कालवतं. तुम्ही हजेरी घेत होतात. वर्गातला बोलताना अडखळणारा एक मुलगा ‘हजर’ म्हणताना ‘ह’वर अडकला आणि माझ्या मुलीने मागच्या बाकावरून त्याची हुबेहूब नक्कल केली. सगळा वर्ग हसला. हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, “बाई, आत्ताच्या आत्ता बोलवा तिला. सगळ्यांसमोर माफी मागायला लावते.”

तुम्ही मला आधी बसायला सांगितलंत. मग म्हणालात, “ती माफी मागत असताना वर्ग कुणाकडे बघेल? पुन्हा त्याच्याकडेच ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोवर मी फक्त माझ्या मुलीचा आणि माझ्या इभ्रतीचा विचार करत होते. तो मुलगा त्या विचारात कुठेच नव्हता.

नंतर कळलं की तुम्ही आधी त्याच्याशी एकट्याशी बोललात. वर्गात या विषयावर बोललेलं चालेल का, कुणी बोलायचं, किती बोलायचं, हे त्याला विचारलंत. बाकीचं तुम्ही सांगा, पण एक गोष्ट मीच सांगणार, असं तो म्हणाला. मग तुम्ही मुलांना सांगितलंत की लहानपणी शंभरातली साधारण पाच मुलं काही काळ अशी अडखळतात, बहुतेकांचं वाढत्या वयात थांबतं आणि मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं. मेंदूतून बोलण्याच्या हालचाली जशा जुळून याव्या लागतात, त्यात हा फरक असतो. तो पुष्कळदा घराण्यातून येतो. भित्रेपणाशी किंवा हुशारीशी त्याचा संबंध नाही. आणि मग तो उभा राहिला. मुलगी घरी येऊन सांगत होती, “आई, त्याला शब्द माहीत असतो. तो आत तयार असतो, फक्त दाराशी अडकतो. आपण तो त्याच्या आधी बोललो की त्याला राग येतो.”

दाराशी अडकतो हे शब्द त्याचे. मी कितीदा मनात घोळवले आहेत.

मला वाटायचं, मुलं निरागस असतात, त्यांना भेद दिसतच नाहीत, आपण विषय काढला नाही की झालं. माझी मुलगी तीन-चार वर्षांची असताना रस्त्यात कुणाकडे बोट दाखवून काही विचारायला लागली की मी तिचा हात खाली ओढायचे आणि “शू! असं विचारायचं नसतं” म्हणायचे. सभ्यपणा शिकवतेय असंच मला वाटत होतं. पालकसभेत तुम्ही सांगितलंत की नुकतं जन्मलेलं बाळ सगळ्या वंशांचे चेहरे सारख्याच कुतूहलाने बघतं, पण तीन महिन्यांचं झालं की रोज पाहण्यातल्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघायला लागतं. म्हणजे फरक मुलांना दिसतोच, फार लवकर दिसतो. त्याचा अर्थ काय लावायचा, हे ती आपल्या तोंडाकडे बघून ठरवतात. माझ्या ‘शू’मधून माझ्या मुलीने काय उचललं असेल, ते मला त्या दिवशी कळलं. वेगळं असणं ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, हेच ना?

पण तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत, आणि खरे आभार मला त्याचे मानायचे आहेत. समजावणं एका तासात होतं, सोबत बसायची सवय लागायला वर्ष जातं. तुम्ही धडा तुकड्यांत वाटायला सुरुवात केलीत. पाच-सहा मुलांचा गट, प्रत्येकाकडे धड्याचा एकच तुकडा, तो त्यानेच अभ्यासायचा आणि इतरांना शिकवायचा. चाचणी मात्र सगळ्या धड्यावर. ही पद्धत एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने 1971 साली अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात काढली, हे तुमच्याकडूनच ऐकलं. तिथे गोरी, काळी आणि हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिशभाषक घराण्यांतली, मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि वर्गावर्गांत नुसता तणाव होता. एकमेकांशी चांगलं वागा, असं सांगून जे झालं नाही, ते एकमेकांची गरज पडल्यावर होऊ लागलं.

माझी मुलगी त्याच्याच गटात होती. पहिल्या दिवशी घरी येऊन कुरकुरली, “त्याला फार वेळ लागतो, आमचा गट मागे पडतो.” दुसऱ्या आठवड्यात तिची तक्रार बदलली. गटातल्या एकाने मधेच त्याचं वाक्य पुरं केलं, ते चुकीचं निघालं आणि सगळ्यांनी वहीत तेच लिहून घेतलं. “त्याला बोलू दिलं असतं तर बरोबर आलं असतं,” ती तणतणत होती. तिच्या रागात दया अजिबात नव्हती. त्याचा तुकडा तिला हवा होता. बाई, मला ते फार आवडलं. दयेने जवळ घेतलेल्या मुलाला आपल्यावर दया केली जातेय हे कळतंच.

आणि ती कविता! सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना तो कुठेच अडखळत नाही, हे तुम्ही हेरलं होतंत. अडखळणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं म्हणे. स्नेहसंमेलनात त्याला समूहात उभं करून तुम्ही मोकळ्या झाला असतात, तर आम्ही टाळ्याच वाजवल्या असत्या. पण शेवटचं कडवं त्याला एकट्याने म्हणायचं होतं आणि तुम्ही ते त्याला दिलंत. दुसऱ्याच ओळीवर तो अडकला. सभागृहात कुणीतरी खोकलं. रंगमंचावरची मुलं मात्र जशीच्या तशी उभी होती. कुणी पायाची चुळबुळ केली नाही, कुणी त्याच्याकडे मान वळवली नाही, कुणी ओठ हलवून शब्द सुचवला नाही. शब्द आला, ओळ पुढे गेली. एवढी वाट बघणं त्या लेकरांना कुणी आणि किती दिवस शिकवलं, ते आम्हाला बसल्या जागी दिसत होतं.

आता माझ्या घरातलं सांगते. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी पक्षाघात झाला. त्यांना सगळं समजतं, पण शब्द लवकर सापडत नाहीत. मी त्यांची वाक्यं पुरी करत आले. त्यांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते.

परवा संध्याकाळी ते म्हणाले, “पा... पा...” मी उठले, पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. मुलीने माझं मनगट धरलं. “आई, थांब. आजोबांचं बोलून झालं नाहीये.”

आम्ही थांबलो. बराच वेळ गेला. ते खिडकीकडे बघत होते.

“पाऊस,” ते म्हणाले.

बाहेर खरंच भुरभुर सुरू झाली होती. आमचं कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या एका विद्यार्थिनीची आई