संस्कारांचा हिशेब एकट्या आईकडे मागू नका

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका कार्यक्रमात तुम्ही केलेलं भाषण मी मोबाइलवर ऐकलं. पोरं कोयते घेऊन फिरतात, गाड्या फोडतात, कारण घरात संस्कार उरले नाहीत आणि आईबापांना मुलांकडे बघायला वेळ नाही, असं तुमचं म्हणणं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या पदाचा मान ठेवून सांगते, तुम्ही ज्या आईबापांबद्दल बोलत होतात त्यांतली मी एक आहे. माझा सोळा वर्षांचा मुलगा गाड्यांच्या तोडफोडीच्या गुन्ह्यात आहे. त्याचं आणि माझं नाव इथे लिहीत नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख कोणी उघड करायची नाही. तो कायदा मी तरी पाळणार.

तुम्ही आमच्या वस्तीत येऊन गेला आहात. पर्वतीच्या पायथ्याशी दोन टोळक्यांत राडा झाला होता, त्यानंतर. समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या, आम्ही बायका पुढे बसलो होतो. वरच्या मजल्यावरची खोली रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका म्हणून उघडी राहील, मुलांचं मैदान मोकळं होईल, शाळेला समुपदेशक मिळेल, हे शब्द तुमचे. आज त्या खोलीत मांडववाल्याचं सामान आहे. मैदानावर टेम्पो लागतात. समुपदेशक कोणी पाहिलेला नाही.

आणि आता तुम्ही म्हणता, आईला वेळ नाही.

खरंच नाही, साहेब. पहाटे पाणी भरून मी पोळ्यांच्या कामाला जाते. एका घरून दुसऱ्या घरी, दुपारी घटकाभर घरी, संध्याकाळी पुन्हा तेच. नवरा रात्रपाळीचा वॉचमन. तो घरी येतो तेव्हा त्याला झोप हवी असते, म्हणजे दिवसा पोरांनी घरात आवाज करायचा नाही. दहा बाय बाराची खोली आणि आम्ही पाच माणसं. सोळा वर्षांचा मुलगा पाय पसरून बसेल अशी जागा त्या खोलीत नाही. मग तो कुठे जाणार? कट्ट्यावर. अभ्यासिका उघडी असती तर तिथे गेला असता की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कट्टा चोवीस तास उघडा असतो आणि खोलीला कुलूप असतं, एवढं मला दिसतं.

आमच्या जवळची पालिकेची शाळा आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदाही २००९ साली केला तो सहा ते चौदा वयासाठीच. चौदा संपली की सरकारची जबाबदारी संपली, आणि नेमकी तिथेच पोराला माणसाची सगळ्यात जास्त गरज असते. नववीला लांबच्या शाळेत घातला. गणित झेपेना, मागच्या बाकावर बसायला लागला, मग दप्तर घेऊन निघायचा आणि शाळेत पोचायचाच नाही. शाळेतून मला एकही फोन आला नाही. त्याचं नाव मात्र पटावर होतं.

त्याला जवळ केलं ते वस्तीतल्या एका भाईने. त्याने वडापाव खाऊ घातला, गाडीवर मागे बसवलं, नावाने हाक मारली. भाईचा वाढदिवस आला तेव्हा चौकात फ्लेक्स लागला आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझ्या मुलाचा फोटो. दहावीच्या निकालात झळकण्याआधीच चौकात झळकला, म्हणून किती खूश होता तो! मी तो फ्लेक्स नीट पाहिला. मधोमध भाई, गॉगल लावलेला. वरच्या कोपऱ्यात नेत्यांचे फोटो, आणि साहेब, त्यांत तुमचाही होता. तुम्हाला विचारून लावला नसेल, मान्य. पण तुम्ही काढायलाही लावला नाहीत. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयाने २०१७ सालीच आदेश दिलेले आहेत. पुण्यातल्या कुठल्याही चौकात उभं राहून बघा, ते आदेश कसे पाळले जातात. माझ्या मुलाला कोणाचं ऐकावं हे ठरवायचं होतं. एका बाजूला रात्रपाळी करून डुलक्या देणारा बाप, दुसऱ्या बाजूला मंत्र्याच्या शेजारी फोटो असलेला भाई. संस्कार त्या फ्लेक्सनेही केलेच ना?

मग ती रात्र झाली. दहाबारा पोरं, दगड, दांडकी, रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या काचा. ज्यांच्या गाड्या फुटल्या तीही आमच्यासारखीच हप्ते भरणारी माणसं, त्यांची भरपाई झाली पाहिजे. माझा मुलगा त्यात होता, त्याचं त्याला भोगावं लागेल, तेही मी मान्य करते. पण दुसऱ्या दिवशी त्या पोरांना वस्तीतून चालवत नेलं आणि कोणीतरी व्हिडिओ काढला. तोंडं झाकलेली नव्हती. तासाभरात माझ्या जावेच्या फोनवर, मी कामाला जाते त्या सोसायटीच्या ग्रुपवर, मुलीच्या वर्गात. एका घरच्या बाईंनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मुलगी आठवडाभर शाळेत गेली नाही. कलम ७४ त्या दिवशी कुठे होतं?

येरवड्याला बाल न्याय मंडळापुढे तारखा पडतात. प्रत्येक तारखेला कामाचा खाडा. तिथे परिविक्षा अधिकारी बाईंनी एक लांबलचक फॉर्म भरला. सामाजिक तपास अहवाल म्हणतात त्याला. घरात कोण कोण आहे, आईवडिलांचं आपसांत कसं आहे, शाळा कधी सोडली, का सोडली, मित्र कोण, ते काय करतात, शेजार कसा आहे. मी उत्तरं देता देता रडले. सोळा वर्षांत माझ्या मुलाबद्दल एवढं कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे पोर कशाने घडतं हे सरकारला पक्कं ठाऊक आहे, घर, शाळा, मित्र, वस्ती, सगळे रकाने छापून तयार आहेत. फक्त ते भरायचे कधी, तर गुन्हा नोंदवल्यावर! हेच प्रश्न नववीत त्याची गैरहजेरी सुरू झाली तेव्हा एखाद्या माणसाने घरी येऊन का विचारले नाहीत?

तिथेच एका समुपदेशक ताईंनी मला समजावलं. अमेरिकेत एक प्रयोग झाला, २००५ साली छापून आलेला. गाडी चालवायचा व्हिडिओ गेम वेगवेगळ्या वयाच्या लोकांना एकेकटं खेळायला दिला, मग मित्रांसमोर. मित्र बघत असले की तेरा ते सोळा वर्षांची मुलं फार जास्त धोका पत्करायची, मोठ्या माणसांना फरक पडत नव्हता. हे वयच तसं असतं, मग घर कोणाचंही असो. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरमध्ये काय झालं ते साऱ्या देशाने पाहिलं. सतरा वर्षांचा मुलगा, भारी गाडी, मित्रांबरोबरची पार्टी, आणि त्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. त्या घरात जागेची किंवा पैशाची अडचण नव्हती. त्याला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला होता. आमच्या पोरांना वस्तीतून चालवलं. दोघांनाही कायदा एकच लागतो.

आणि हे फक्त कोयत्याचं नाही. मी ज्या घरी पोळ्या करते तिथला एक मुलगा जेईईची तयारी करतो. तो खोलीतून बाहेर येत नाही, आईशी बोलत नाही, ताट तसंच परत येतं. त्या वहिनी शिकलेल्या आहेत, तरी माझ्यासारख्याच एकट्या पडल्या आहेत. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातल्या. हा सरकारी आकडा आहे. तीही संस्कारांचीच कमी म्हणायची का? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. आमच्या शाळेत तो कधी येणार?

माझे सासरे सांगायचे, त्यांच्या काळीही चौदा-सोळाची टोळकी होतीच. पण पेठांत तालमी होत्या, खालकर तालीम, चिंचेची तालीम, आणि तिथे वस्ताद असायचा. पोरगा दोन दिवस आला नाही तर वस्ताद घरी विचारायला यायचा. आमच्या इथे साने गुरुजी स्मारकात राष्ट्र सेवा दलाची शाखा भरायची, सासरे तिथे लेझीम शिकले. पोरांच्या घोळक्यात एक मोठं माणूस होतं, ज्याला पोरं मानायची. आता तिथे भाई आहे. ती जागा तुम्ही रिकामी सोडलीत म्हणून तो बसला. तुम्ही म्हणजे एकटे तुम्ही नाही. मार्च २०२२ नंतर या शहरात कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, आम्ही गाऱ्हाणं घेऊन कोणाच्या दारात जायचं होतं? २०१७ आणि २०२१ मिळून चौतीस गावं शहरात घेतली, तिथली वाढती पोरं कोण मोजतंय? २०२१ ची जनगणनाच वेळेवर झाली नाही. पोलीस वाढवा म्हणतात सगळे पक्ष. पोरांबरोबर बसणारं माणूस द्या, असं एकानेही मत मागायला आल्यावर म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मला तुमची मदत नको, चेक नको, घरी भेट तर मुळीच नको, फोटो निघतील. समाजमंदिराच्या वरच्या खोलीतलं सामान हलवा आणि तिथे संध्याकाळी बसणारं एक पगारी माणूस नेमा. अल्पवयीन पोरांचे व्हिडिओ काढणाऱ्यांवर, ते कोणीही असोत, गुन्हे नोंदवा. भाईंच्या फ्लेक्सवरून स्वतःचा फोटो उतरवा आणि तसं जाहीर सांगा. आणि पुणे महापालिकेच्या कुठल्या शाळेत समुपदेशक आहे आणि कुठल्या शाळेत नाही, याची शाळावार यादी छापा. आमच्या शाळेपुढे काय लिहिता ते मला वाचायचं आहे.

आपली,
पर्वती पायथ्याची एक आई
पुणे