दोन अपत्यांची अट फक्त सरपंचाला?

स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट, म्हणजे दोनपेक्षा जास्त मुले असणाऱ्याला अपात्र ठरवणारा नियम, आंध्र प्रदेशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द केली. महाराष्ट्रानेही तिचा फेरविचार करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील सर्वांत गरीब पंचमांश गटात एका स्त्रीमागे सरासरी २.६ मुले होतात, सर्वांत श्रीमंत गटात १.६. म्हणजे या अटीने निवडणुकीबाहेर कोण राहते, हे वेगळे सांगायला नको. जिथे म्हातारपणी पेन्शन नाही, आजारपणाला गाठीशी पैसा नाही, तिथे मुले हाच आधार असतो. तो अपात्रतेच्या धाकाने सुटत नाही. शिवाय महाराष्ट्राचा प्रजनन दर त्याच पाहणीत १.७ आहे, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुले. आमदार-खासदारांना नसलेली ही अट गावच्या सरपंचालाच कशासाठी?

— एक वाचक, सातारा