दादा, ते डाएट नव्हतं

लेस्टर,
2 मार्च 2025

ती. दादास,
सा. न.

काल फोनवर तू तुझ्या वजनाच्या ऑपरेशनची तारीख सांगितलीस, 8 एप्रिल, आणि मी 'बरं झालं' म्हणून लगेच कूलरच्या खसवर बोलायला लागले. मागे आईचा आवाज येत होता, वहिनी शेजारीच होत्या. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुझा फोन घरात चार जण हाताळतात, म्हणून हे पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर पाठवतेय. आधी तू एकट्याने वाच. मग आईला वाचून दाखव, ते काम तुझं.

दादा, माझं वजन डाएटने कमी झालेलं नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये माझं बायपास झालं. हृदयाचं नाही, पोटाचं: जठराचा छोटा कप्पा करून तो सरळ आतड्याला जोडतात. तेव्हा मी 118 किलो होते. तुम्हाला सगळ्यांना मी काय सांगितलं ते आठवतंय ना? रोज आठ किलोमीटर चालते, भात बंद केला, सकाळी कोमट पाणी. बाप्पा, त्या कोमट पाण्याचं मी किती कौतुक करवून घेतलं! डिसेंबर 2022 मध्ये नागपूरला आले तेव्हा मावशीने सगळ्यांसमोर 'केवढी जिद्द आहे पोरीत' म्हणून पाठीवर हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

काऊन लपवलं, विचारशील. आपल्याकडे जाड पोरीला लहानपणापासून सगळेच सल्ला देतात, तुला वेगळं सांगायला नको. ऑपरेशन केलं म्हटलं की लगेच 'म्हणजे सोपा रस्ता धरला' होतं. मला एकदा तरी असं वाटून घ्यायचं होतं की मी काहीतरी स्वतःच्या बळावर केलं. हे खरं कारण.

पण त्याची किंमत दुसरीनेच भरली. मावशीच्या धाकटीने माझ्याकडून तो सगळा खोटा तक्ता लिहून घेतला. आठ महिने तिने तो पाळला, प्रताप नगरहून अंबाझरीपर्यंत रोज चालत गेली, आणि तिचं चार किलोवर काही हललं नाही. 'ताई, तुझं झालं, माझं काऊन नाही होत?' असा तिचा मेसेज आला. मी उत्तरात हसरा चेहरा पाठवला. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. तिला मी याच आठवड्यात खरं सांगणार आहे, पण तुझ्या आधी तिला सांगणं बरं दिसलं नसतं.

आता तुझं. तुझं स्लीव्ह करणार आहेत, म्हणजे जठराचा सुमारे पाऊण भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे पहिले काही महिने भूक लागतच नाही. हे सगळं डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलंच असेल. चित्रात नसतं ते मी सांगते.

पहिलं म्हणजे ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे. तुला 25 मार्चच्या आसपास पातळ, कमी कर्बोदकांचा आहार सुरू करतील. त्यात 30 तारखेला पाडवा येतो. आई श्रीखंड करेल, पुरण शिजवेल, आणि 'सणाच्या दिवशी एक चमचा' म्हणेल. नाही घ्यायचं. जठराच्या वर लिव्हरचा डावा भाग असतो, आपल्यासारख्यांचा तो चरबीने फुगलेला असतो आणि सर्जनला तो उचलूनच काम करावं लागतं. या दोन आठवड्यांत लिव्हरमधली साठवलेली साखर आणि पाणी निघून जातं, ते आक्रसतं. असं ऑपरेशन झालेल्यांचा इथे आमचा एक ग्रुप आहे, त्यातल्या एका बसड्रायव्हरने आदल्या आठवड्यात पोरीच्या वाढदिवसाला मनसोक्त खाल्लं. त्याचं पोट उघडून, लिव्हर बघून, काही न करता बंद केलं. चार महिन्यांनी पुन्हा तारीख मिळाली. कडुनिंब मात्र खा, त्याला कोणाची हरकत नसेल.

आणि शुगर. तू इन्शुलिन घेतोस. ऑपरेशननंतर शुगर काही दिवसांतच उतरायला लागते, वजन उतरायच्याही आधी. जुनाच डोस चालू राहिला तर खूप खाली जाऊ शकते. घरी सोडताना इन्शुलिनचा आणि बीपीच्या गोळीचा नवा डोस कागदावर लिहून घे, वहिनींच्या हातात दे. घोरण्याचं मशीन दवाखान्यात सोबत न्यायचं. मेडिक्लेमवाले कधी काय मागतील सांगता येत नाही, झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट जपून ठेव.

आता पाण्याबद्दल लिहिते, कारण मला खरी धास्ती तीच आहे. इथे ऑक्टोबरात बारा डिग्री असताना मला दिवसाला दीड लिटर पाणी पिणं जमत नव्हतं. तू एप्रिलमध्ये नागपुरात घरी येशील. बाहेरून आल्यावर माठातून तांब्याभर पाणी घटाघटा पिण्याची तुझी सवय आहे, ती 7 एप्रिललाच मोड. नव्या पोटात मोठा घोट गेला की छातीत खिळा ठोकल्यासारखं दुखतं. घोटघोट, सतत, दिवसभर. मी घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी घोट घ्यायचे. जेवणासोबत पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. मेअखेरचा नवतपा, ते नऊ दिवसांचं कडक ऊन, लागेल तेव्हा तुला सात आठवडे झालेले असतील. तोंड कोरडं पडलं, लघवी गडद झाली, उठताना अंधारी आली तर 'ऊन लागलं' म्हणून कांदा खिशात ठेवून बसू नकोस, फोन कर दवाखान्यात. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा पातळ ताक, साधं नारळपाणी चालेल. रसवंती नाही. उसाचा रस नळीतून सरळ खाली जातो, पोट भरल्याचं सांगतही नाही. वजन परत यायचा तो राजमार्ग आहे.

पहिल्या दिवसांत नाडी सारखी जोरात धावणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारं दुखणं, दम लागणं, पोटरी सुजणं, उलटी न थांबणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, लगेच जायचं. आपल्या घरात सगळ्याला 'गॅस झाला' हे एकच उत्तर आहे. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घ्यायचं नाही, तू ते गोळ्यांसारखं नाही, शेंगदाण्यासारखं खातोस.

जेवणाबद्दल आईशी भांडण होणार. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, मग आपलं नेहमीचं, हे व्हायला साधारण दीड-दोन महिने जातात. वरणाने प्रोटीन मिळतं असं आईला वाटतं. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम असतं, तुला दिवसाला साठाच्या वर लागेल आणि तुझ्या पोटात मावणार अर्धी वाटी. म्हणून पनीर, दह्याचा चक्का, पावडर, आणि अंडी. तू सावजीच्या मटण-खानावळीत काय खातोस हे आईला माहीत नाही असं तुला गेली तीस वर्षं वाटतंय. तिला माहीत आहे. घरात अंडी येऊ देईल, बघ. सावजीचा रस्सा मात्र निदान काही महिने विसर. पोळी आणि मोकळा नसलेला भात सगळ्यात जास्त अडकतात. घाईत खाल्लेला पोळीचा एक तुकडा मला मोरीत अर्धा तास उभं ठेवून गेला, तोंडातून नुसता फेस.

देवघराच्या खालच्या कप्प्यात तुझ्या उष्टावणाची चांदीची वाटी आहे. ती काढून घे. इथे मला दवाखान्याने प्लास्टिकचं छोटं भांडं दिलं होतं, माप तेवढंच.

पोट भरल्याची खूणही बदलते. ढेकर येत नाही. माझं नाक गळायला लागतं. आमच्यात एकीला उचकी लागते, एकाला शिंका येतात. हे कुठल्याही डॉक्टरने मला सांगितलं नव्हतं, मला वाटलं सर्दी झाली.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला वजनाचा काटा थांबेल. बहुतेकांचा थांबतो. तेव्हा रोज काट्यावर चढून वहिनींवर चिडू नकोस. तीन-चार महिन्यांनी केस गळतील, तुझ्याकडे गळायला फार उरले नाहीत म्हणा. ते बऱ्याच अंशी परत येतात. बी-12, लोह, कॅल्शियम, डी, ही मात्र आयुष्यभराची सोबत. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, मध्ये दोन तास ठेव, आणि लोहाच्या गोळीवर चहा नाही.

शनिवारचं तुझं बसणं. दारू आता लवकर आणि जास्त चढेल. एका पेगवर तू गाडी चालवायच्या लायकीचा राहणार नाहीस. आणि आमच्या ग्रुपमध्ये दोघं असे आहेत ज्यांनी आयुष्यभर दारूला हात लावला नव्हता. खाणं सुटलं, ती जागा बाटलीने घेतली.

तो ग्रुप. मी पहिल्यांदा गेले ती एका लायब्ररीच्या मागची खोली होती. आत शिरताच मला दिसलं की तिथल्या खुर्च्यांना हात नव्हते. दादा, तुला कळेल. सिनेमाला, लग्नाच्या हॉलमध्ये, विमानात आपण आधी खुर्ची बघतो, मग माणसं. कोणीतरी आधीच विचार करून त्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी बसले आणि रडले, अजून कोणी एक शब्दही बोललं नव्हतं.

तिथे बायका मुख्यतः बारीक गोष्टी बोलतात. लग्नात ताट कसं फिरवायचं. नवऱ्याला बारीक झालेली बायको आवडेनाशी का होते. पोटाची सुटलेली कातडी उन्हाळ्यात घामाने कशी चिघळते, कुठला सुती पंचा लावायचा. एक गुजराती मासी आहेत, सहा वर्षं झाली त्यांना. त्यांनी मला 'डोक्याची भूक' म्हणजे काय ते समजावलं. पोट कापलं, आठवणी नाही कापल्या, म्हणाल्या, आणि पर्समधून दोन भाजलेले मखाणे काढून दिले. तुला रविवारी सकाळी भूक नसेल. पण टपरीवरच्या पोह्यांवरची चण्याची तर्री डोळ्यांसमोर येईल, आणि ती चार माणसं, आणि तू त्यांच्यात नसणं. त्याचं दुःख होतं, आणि ते दुःख वेडेपणाचं नाही. मी तर कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानासाठी रडलेय. पोहे नको घेऊस, पण जात जा. कपातला चहा घेऊन उभा राहा. आणि त्या चौघांना आधीच सांगून टाक, नाहीतर ते आग्रह करणार आणि तू माझ्यासारखं खोटं बोलणार.

माझं काय झालं होतं ते सांगते. 2022 च्या त्याच डिसेंबरात मावशीकडे संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्ले, नाही म्हणायला कारण नव्हतं म्हणून. बायपासमध्ये साखर जठरात न थांबता थेट आतड्यात जाते. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम, हातपाय गार. मी मावशीच्या आतल्या खोलीत आडवी पडले आणि 'प्रवासाचा शीण' म्हटलं. आईने ओवा आणि काळं मीठ आणलं, ते चमचाभर मी गिळलं. ती पायाशी बसून तळवे चोळत राहिली आणि मी तिला काही सांगितलं नाही. तू तसा आडवा पडलास तर निदान चोळणाऱ्याला माहीत असू दे.

तुमच्या डॉक्टरांना विचार, त्यांच्या जुन्या पेशंटपैकी कोणी बोलायला तयार आहे का. पण तीन महिने झालेला देऊ नका म्हणावं. पहिलं वर्ष सगळ्यांचंच छान असतं, आम्ही त्याला हनिमून म्हणतो. पाच वर्षं झालेला माणूस माग. माझं सगळ्यात कमी 71 झालं होतं, आज 76 आहे. ते पाच किलो कुठून आले मला पक्कं माहीत आहे: रात्री टीव्हीपुढे चिवडा. कुरकुरीत वस्तू अडकत नाहीत, सरकत जातात. हे मी गेल्या महिन्यात त्या खोलीत मोठ्याने कबूल केलं तेव्हा तिघांनी हात वर केले.

आमचा ग्रुप गुरुवारी संध्याकाळी सातला बसतो. पाडव्याच्याच दिवशी इथली घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे त्यानंतर तुझ्याकडे रात्रीचे साडेअकरा. मी त्यांना तुझ्याबद्दल विचारलंय, व्हिडिओवर बसायला कोणाची ना नाही. 3 एप्रिलला मी लिंक पाठवते. कॅमेरा बंद ठेवलास तरी चालेल, इंग्रजीची काळजी करू नकोस. मासी हिंदीत बोलतात, आणि तुझ्या घोरण्याचं मशीन कुठल्या कंपनीचं आहे हे त्यांनी आत्तापासूनच विचारून ठेवलंय.

वहिनींना नमस्कार. आईला काय सांगितलंस ते कळव.

तुझी,
छोटी